बकारामची हाक

माझ्या घरात आता हातानं बोलणारं कोणी उरलं नाही. तोंडानं बोलणारे पुष्कळ आहेत. पोरगा बोलतो, सून बोलते, नातवंडं तर अर्धी हिंदी अर्धी मराठी दिवसभर बोलतात, आणि मी हूं हूं करतो. पण या साली पोळ्याच्या आधी भागा गेली, आणि जी भाषा साऱ्या जगात तिघांनाच येत होती ती आता एकट्याला येते. एकट्याला येणाऱ्या भाषेचं काय करायचं ते मला विचारू नका, मी चौथी शिकलेला माणूस आहे. एवढंच सांगतो की जेवताना मीठ पाहिजे असलं तर अजून माझी दोन बोटं चिमटीत येऊन ताटावर हलतात. सून म्हणते, बाबांचा हात कापतो. कापत नाही. मीठ मागतो.

भागा माझी बायको. डोमा तिचा भाऊ, तिच्याहून वर्षभरानं लहान. तो जन्माचा बहिरा, म्हणून मुका. त्यांचं घर आणि आमचं घर समोरासमोर, मधी एक बैलगाडी जाईल एवढी गल्ली. माझी माय मी लहान असतानाच गेली होती, म्हणून मी त्यांच्याच चुलीपाशी वाढलो म्हटलं तरी चालेल. सकाळी पेज, त्यावर तोंडी लावायला भाजलेले झिंगे आणि मिरची. दुपारी भात आणि लाखोरीची डाळ. अंबाडी निघाली की रोज अंबाडी, तोंड आंबून जाईपर्यंत. त्या घरात आवाज फार होता. ज्या घरात एक पोर बहिरं असतं तिथं कोणी भांडं हळू ठेवत नाही. त्याचा बाप त्याच्या देखत त्याच्याचबद्दल काहीही बोलायचा आणि डोमा बापाच्या हलणाऱ्या मिशांकडे पाहून हसायचा. माय त्याला घेऊन दर महाशिवरात्रीला प्रतापगडला जायची. वर महादेवाला नारळ, खाली दर्ग्यावर चादर. "दोघातून एकाचे तरी कान उघडे असतीन," म्हणायची.

आमची हाताची भाषा कोणी शिकवली नाही. ती भागानं आणि डोमानं जमिनीवर खेळता खेळता केली आणि मी तीत नंतर शिरलो. पटील म्हणजे मिशीला पीळ. गुरुजी म्हणजे डोळ्यापुढं दोन बोटांचा चष्मा. मी म्हणजे कान ओढणे, कारण माझे कान मोठे. भागा म्हणजे नाकपुडीवर अंगठा, तिथं तिची नथनी होती. गावातल्या प्रत्येक माणसाला, बैलाला, कुत्र्याला डोमानं असं एक एक नाव दिलं होतं. त्याला स्वतःला मात्र नाव नव्हतं. तो आपल्या छातीवर बोट ठेवायचा, बस. आणि एक गोष्ट त्याला लहानपणापासून फार नवलाची वाटायची. एक माणूस तोंडाजवळ तळवा धरतो आणि दुसरा, पाठ करून लांब चाललेला, एकदम वळतो. डोमा तळवा तोंडाशी नेऊन मला विचारायचा, हे कसं? मी काय सांगणार? ही हाक, एवढी खूण झाली, पण हाक म्हणजे काय ते हातानं सांगता येत नाही. त्याला बोलवायचं तर आम्ही ढेकूळ मारत होतो. पाठीत बसलं की तो वळायचा. कोणाला त्यात काही वाईट वाटत नव्हतं, त्याला सोडून.

आमचं गाव सडक अर्जुनीहून बैलगाडीनं निघालं तर दुपारपर्यंत येणारं. तेव्हा तो सारा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. शाळा सातवीपर्यंत. मी चौथीतच बैलांमागं लागलो, पण डोमा सातवीपर्यंत बसला, कारण गुरुजींनी त्याला उठवलं नाही. हे गुरुजी पवनीकडचे, तरणे, बारीक अंगाचे, आणि हट्टी. डोमाचं अक्षर साऱ्या शाळेत देखणं. फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवायचा, त्यातलं त्याला किती समजत होतं ते देवाला माहीत. पण बैल, पाणी, धान, घर, भाऊ असे पुष्कळ शब्द तो बोटानं धुळीत लिहायचा आणि वर पाहायचा, बरोबर आहे का म्हणून. मग शाळा संपली. बाकीच्या पोरांचं ठरलेलं होतं. कोणी नांगराला, कोणी दुकानात, एकजण पुढं शिकायला. डोमाचं काही ठरलेलं नव्हतं. शाळेत होता तोवर तो शाळेतला पोरगा होता. शाळा सुटली त्या दिवसापासून तो नुसता बहिरा झाला.

गुरुजींनी ते मनावर घेतलं. सुट्टीच्या दिवशी ते त्याला धरून निघायचे आणि बोलायला मला सोबत घ्यायचे. अर्जुनीच्या शिंप्यानं त्याच्या हातची शिवण पाहिली, मान हलवली आणि म्हणाला, गिऱ्हाईक माप सांगते ते याले कसं ऐकू यीन? बिडीच्या मुकादमानंही तेच काहीतरी म्हटलं. एकदा आम्ही पार गोंदियाला गेलो. एवढी माणसं आणि एवढा भुस्सा मी एका जागी कधी पाहिला नव्हता. धानाच्या गिरणीचा शेठ पान चघळत होता. "मास्टरजी," तो म्हणाला, "गूंगे को मशीन के पास कौन रखेगा? कट गया तो चिल्लाएगा भी नहीं." डोमानं मला विचारलं, शेठ काय म्हणाला? मी सांगितलं, जागा नाही म्हणाला. डोमानं एवढ्या मोठ्या गिरणीकडे वळून पाहिलं.

इकडे त्याचा मामा निरोपावर निरोप धाडून राहिला होता. मामाची साकोलीकडे मोठी शेती होती. पोट्ट्याले द्या धाडून, खाईन, पिईन, ढोरं राखीन. मजुरीचं नाव नाही. बहिऱ्याला कायचा खर्च? बापाला ते बरं वाटत होतं. मायला वाटत नव्हतं पण ती रडण्यापलीकडे काही करू शकत नव्हती. मी मात्र मामाच्या गावी एकदा लग्नात जाऊन आलो होतो. तिथं एका वाड्याच्या गोठ्यात तसाच एक म्हातारा पाहिला होता, मुका. पंगत उठल्यावर त्याला वाढत. त्याचं नाव काय म्हणून मी विचारलं तर तिघा-चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. नाव कोणालाच आठवलं नाही. हे मी भागाला हातानं सांगितलं, घरातल्या कोणाला कळू नये म्हणून. ती धान पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. मग तिनं डोमा ठेवतो तसं बोट छातीवर ठेवलं आणि हाताची मूठ जमिनीवर टेकवली. डोमा इथंच राहील.

आता तलावाचं सांगतो. आमचा तलाव मालगुजाराच्या वेळचा. मातीच्या पाळीला लागून पाण्यात एक दगडी नळी उभी आहे, तिला तुडूम म्हणतात. तिला एकाखाली एक छेद आणि प्रत्येक छेदात लाकडी दट्ट्या. पाणी सोडायचं तर वरचा दट्ट्या ओढायचा, पाणी उतरलं की त्याखालचा, आणि पाण्याखालचा असला तर बुडी मारून ओढायचा. हे काम करणारा तो पाणकर. त्याचा मान मोठा. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या तुकड्यात, किती पाणी, केव्हा, हे तो ठरवणार आणि धान निघालं की घरोघरून त्याला वाटा. आमचा पाणकर बकाराम. मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला, पण बकाराम होता तसाच होता. एका भादव्यात तो खालचा दट्ट्या काढायला बुडाला आणि वर आला नाही. पाळीवर माणसं उभी होती. दुसऱ्या दिवशी मासे धरणाऱ्या ढिवरांनी त्याला काढला.

त्यानंतर तुडूम बोलू लागला. पाणी उतरायला लागलं की आतून हूऽऽ असा आवाज यायचा, लांब, माणसानं लांबच्या माणसाला मारावी तशी हाक. पहिलेही येत असेल, मी ते नाही म्हणत नाही. पण पहिले कोणी ऐकला नव्हता. आता ज्यानं त्यानं त्यात आपलंच नाव ऐकलं. आमच्याकडे रीतच आहे, भर दुपारी पाण्याजवळ कोणी हाक मारली तर ओ द्यायची नाही, तीन वेळा ऐकल्याशिवाय मान वळवायची नाही. आणि ज्याला बुडालेल्यानं हाक मारली त्यानं दिवाळीपर्यंत पाण्यात पाय टाकायचा नाही. दुसऱ्या साली बाहेरून एक ढिवर आणला, तो चार दिवसांत जाळं टाकून पळाला. म्हणाला, माझ्या बापाच्या नावानं बोलावते. पुढच्या साली कोणी तयारच झालं नाही. मीही तो आवाज ऐकला आहे. या वयात खोटं बोलून मला काही मिळणार नाही. त्यात फागू हे नाव होतं. फागू म्हणजे मी.

तर एक दिवस पटलाच्या ओसरीवर हेच चाललं होतं. हस्त कोरडा गेला होता, भारी धान पोटरीत आलेला, तलावात पाणी आणि काढायला माणूस नाही. डोमा पटलाच्या बैलाला पाणी दाखवत होता. एक बुढा त्याच्याकडे पाहून म्हणाला, "याले बरं हाये. बकाराम नरडं फाडून मेला तरी याले ऐकू नाही येनार." सारे हसले. मग हसणं थांबलं. पटलानं मिशीवर हात फिरवला आणि डोमाकडे असं पाहिलं जसं बाजारात जनावर पाहतात.

गुरुजींना हे समजलं तेव्हा ते चिडले. "त्याला बुडी मारता येते, त्याला बांधी न बांधी ठाऊक आहे, म्हणून द्या ना. तो बहिरा आहे म्हणून काय देता?"

"तुमाले काम पायजे होतं ना जी त्याच्यासाठी?" पटील म्हणाला. "घ्या मंग."

घरी येताना गुरुजी मला म्हणाले, "फागू, कारण खोटं असलं तरी काम खरं आहे. राहू दे." डोमाला कारण कोणी सांगितलं नाही. त्याला एवढंच कळलं की तो पाणकर झाला. त्यानं बकारामची खूण केली, तळवा तोंडावर आणि मग खाली, आणि नंतर आपल्या छातीवर बोट ठेवलं. त्याच्या जागी मी? मी हो म्हटलं. तो घरी गेला, मायच्या पाया पडला, बापाच्या पडला, आणि मग बैलांच्याही पडला.

एक अडचण मात्र गावानं ध्यानात घेतली नव्हती, आणि असं फक्त आमचंच गाव करू शकतं. तुडुमाचं सारं काम हाकेवर चालतं. खालच्या बांधीतला माणूस ओरडतो, भरली, बंद कर. त्याच्या वरचा ते पुढं ओरडतो. असं ओरडत ओरडत ते पाळीवर पोचतं. ती हाक ऐकायला आम्ही बहिरा माणूस ठेवला. पहिल्याच दिवशी बांध्यांचे दोन धुरे फुटले आणि अख्खं गाव एकाच वेळी ओरडत होतं, आणि डोमा तुडुमावर बसून त्यांना हात हलवून राहिला होता. मग मला पाळीवर बसवलं. मी ऐकायचं आणि त्याला हातानं सांगायचं. दुपारी भागा भात घेऊन यायची. तिघं बसायचो. माझं आणि भागाचं जे काही ठरलं ते तिथं ठरलं, अख्ख्या गावाच्या डोळ्यासमोर, पाळीच्या या टोकावरून त्या टोकावर, हातानं. लोक म्हणायचे, भागाले माशा लय त्रास देतात.

मधीच सांगतो. शेवटच्या दिवसांत भागाच्या तोंडावरून वारं गेलं. जीभ गेली, उजवी बाजू गेली. डावा हात होता. त्या हातानं ती आपला कान ओढायची. नातीला वाटलं आजीचा कान दुखते, तिनं बिचारीनं कानात औषधाचे थेंब टाकले. मी म्हटलं, राहू दे बाई, कान नाही दुखत. ती मला बोलावून राहिली. नातीनं माझ्याकडे असं पाहिलं की या म्हाताऱ्याचंही काही खरं नाही. लोक म्हणतात मेलेलं माणूस हाक मारते. भागा तर हातानं बोलायची. अंधारात मी कितीही कान दिला तरी तिची हाक मला कशी ऐकू यावी?

तर ती दुपार. पाणी अर्ध्यावर आलं होतं. डोमानं मधला दट्ट्या काढला आणि तुडुमाच्या माथ्यावर पालथा निजला, ऊन खात, छाती दगडावर. आतून हूऽऽ सुरू झालं. मी सवयीनं मान खाली घातली. पाहतो तर डोमा उठून बसलेला. त्यानं तळवा दगडावर टेकवला, काढला, पुन्हा टेकवला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडावर जे होतं ते मी आजवर विसरलो नाही. त्यानं बकारामची खूण केली. तळवा तोंडाशी नेला. आणि बोट छातीवर ठेवलं.

बकाराम मला हाक मारतो.

मी म्हटलं, नाही, पाणी आहे ते. तो म्हणाला, तुम्ही सारे ऐकता ते हेच ना? दगडात येते, छातीत येते. मी काय म्हणू? तेच होतं. त्यानं पुन्हा विचारलं, म्हणून सारे पळतात? आणि मला कामावर ठेवलं ते मला हाक येत नाही म्हणून? तेव्हा मला कळलं की त्याला कोणी न सांगताही सारं समजलं होतं, फक्त पक्कं नव्हतं.

भागा भात घेऊन आली. त्यानं तिलाही सांगितलं. ती घाबरली. कोणाला सांगू नको, म्हणाली. सांगशील तर पाण्यात पाय टाकू देणार नाहीत. काम जाईल. मामा येईल. तिनं गोठा दाखवला, दोन बोटांची शिंगं. डोमा भात खाईना. त्याचे हात इतके जोरात चालले होते की शितं उडत होती. मला पण हाक येते. तुम्हाला आली, तुम्ही पळाले. मला आली आणि मी बुडी मारली. सांगा त्यांना. मी म्हटलं, तुझा धान्याचा वाटा, तुझी जागा, सारं जाईल रे. त्यानं मला ढेकूळ उचलून दाखवलं आणि ते आपल्याच पाठीत मारल्यासारखं केलं. जन्मभर हे? मग त्यानं तोंड फिरवलं. त्याच्याशी बोलणं बंद करायचं असलं की तेवढंच पुरत होतं. तो पाहत नसला की आमच्याजवळ शब्दच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर बैठक होती, शेवटच्या बांध्यांना पाणी द्यायचं म्हणून. सारं गाव होतं, बाया एका अंगाला. खालचा दट्ट्या काढावा लागणार होता, तोच, ज्यापाशी बकाराम राहिला. पटील खुशीत होता. "बयरा हाये म्हनून निभलं," तो म्हणाला. "नाहीतं कोन उतरलं असतं?" डोमा त्याच्या ओठांकडे पाहत होता. तो उठला, मधी आला, आणि मला उठ म्हणाला.

मी उठलो. त्यानं साऱ्यांच्या समोर हात चालवले, सावकाश, एकेक खूण वेगळी करून, शाळेत फळ्यावरचं उतरवायचा तसं. लोक माझ्या तोंडाकडे पाहत होते. दुसरं काहीही सांगितलं असतं तर त्यांना कळणार नव्हतं. मी बायांकडे पाहिलं. भागा उभी होती, पदर दातात. तिनं पदर सोडला आणि दोन बोटं ओठांवरून पुढं नेली. सांग. त्याचं आहे ते.

"डोमा म्हनते," मी म्हटलं, "बकाराम त्याले बी हाक मारते."

मग पटील म्हणाला, "झालं मंग. ज्याले हाक आली त्यानं पान्यात पाय नाही टाकाचा. याच्या मामाले निरोप धाडा."

"अहो, ती हवा आहे," गुरुजी म्हणाले. "नळीतलं पाणी खाली गेलं की हवा आत ओढली जाते—"

"हवा नाव घेऊन बोलावते काऊन जी?" कोणीतरी म्हणालं.

बाप उठला होता. त्यानं डोमाच्या दंडाला धरलं. तेवढ्यात बायांच्या मागून आवाज आला.

"काय म्हनते?"

सगुणाबुढी होती. बकारामची बायको. गावाच्या शेवटच्या घरात एकटी राहत होती, तलावाकडे तिनं त्या दिवसापासून पाय टाकला नव्हता. एवढ्या लोकांना तिच्या नवऱ्याच्या हाका येत होत्या पण तिला कोणी कधी काही विचारलं नव्हतं.

"कोन काय म्हनते?" पटील म्हणाला.

"माहा बुढा. दोन साल झाले, बोलावते बोलावते म्हनता. बोलावून काय म्हनते ते इचारलं का कोनी? या पोट्ट्याले इचारा."

मी विचारलं. डोमा विचारात पडला. मग खरं ते बोलला.

"समजत नाही म्हनते," मी सांगितलं. "हाक तेवढी समजते."

बुढी म्हणाली, "मले बी जलमभर तेवढंच समजलं."

कोणी हसलं नाही, हसावं की नाही ते कळेना म्हणून. ती काठी टेकत डोमापाशी आली, बापाचा हात त्याच्या दंडावरून काढला आणि म्हणाली, "चाल. दाखव मले." ते तिनं तोंडानं म्हटलं, पण डोमाला कळलं. ती दोघं पुढं आणि मागं सारं गाव. दोन वर्षांत त्या पाळीवर एवढी माणसं चढली नव्हती. डोमानं तिला तुडुमाच्या माथ्यावर बसवलं, रात्री पुन्हा लावलेला मधला दट्ट्या ओढला, आणि तिचा तळवा दगडावर ठेवून वर आपला तळवा ठेवला. हूऽऽ सुरू झालं. लोक मागं सरकले. बुढी तशीच बसून होती, डोळे मिटून. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. आवाज हळूहळू बसला. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"बोलावते खरं," ती म्हणाली. "पन फुकट बोलावनारा मानूस नोहे तो. हाक मारली तं काम असन. अना इथं धान सुकून राहिला, अना याले म्हनता पाय नको टाकू?"

"पन सगुनाबाई, रीत हाये आपली—"

"रीत." तिनं पटलाकडे पाहिलं. "तो बुडाला तवा सारे याच जागी उभे होते. पान्यात कोन उतरलं? कोनी हाक तरी मारली का त्याले?"

पटलानं खाली पाहिलं. साऱ्यांनीच पाहिलं. त्यातला एकजण खोकला आणि तेही त्याला जास्त झालं.

"त्याच्या जागेवर हा राहीन," बुढी म्हणाली. "ऐकू येवो का न येवो. तुमाले ऐकू येऊन काय उजेड पडला?"

कोणी हो म्हणालं नाही, कोणी नाही म्हणालं नाही. डोमानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हात पाण्याकडे केला. त्यानं धोतर खोचलं, श्वास भरला आणि खाली गेला.

पाणी गढूळ होतं. एकदा बुडबुडे आले, मग तेही थांबले. भागाची नखं माझ्या मनगटात रुतली होती आणि आमचं लग्न ठरलेलं नसूनही तिला कोणी काही म्हणालं नाही. खालचा दट्ट्या फुगून बसलेला असणार. मी वाट पाहिली. सारे वाट पाहत होते. बायांतून कोणीतरी हुंदका दिला. आणि मग सगुणाबुढी पुढं झाली, तोंडाशी तळवा नेला आणि फाटक्या गळ्यानं ओरडली, "डोमाऽऽ." तिच्यामागं त्याची माय. मग पटील, मग बाप, मग गुरुजी, मग आम्ही सारे. बहिऱ्याला, तोही पाण्याखाली, अख्खं गाव नाव घेऊन हाका मारत होतं. त्याच्या जन्मात ते नाव एवढ्या मोठ्यानं कोणी घेतलं नव्हतं. घ्यायचं कारणच नव्हतं.

पाण्याला एकदम ओढ लागली, नळीत धाडकन आवाज झाला आणि दट्ट्यासहित डोमा वर आला. केस डोळ्यांवर, ओठ निळे. त्यानं पाळीकडे पाहिलं आणि तो दचकला. साऱ्यांची तोंडं उघडी, साऱ्यांचे तळवे तोंडाशी. त्यानं भागाला विचारलं, काय झालं?

भागानं तळवा तोंडाशी नेला, अख्ख्या गावावरून हात फिरवला, आणि बोट त्याच्या छातीकडे केलं.

तो काही बोलला नाही. हातात दट्ट्या होता म्हणून असेल. त्यानं तो गुरुजींच्या हातात दिला. मग एकदा साऱ्यांकडे पाहिलं, श्वास भरला आणि पुन्हा बुडी मारली. खाली आता काढायला काही नव्हतं.

आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो.

"कायले उभे हा?" सगुणाबुढी म्हणाली. "मारा न हाक. पोट्टा खाली वाट पाहून राहिला."

आम्ही मारली.